केळी नकोत, बाजारला न्या

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत, कुणी नातवंडाला मांडीवर घेऊन ऐकत असाल. आज मी सांगणार आहे आमच्या बचत गटानं गेली तीन वर्षं चालवलेल्या एका कामाबद्दल. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर एक वृद्धाश्रम आहे. तिथं बावीस जण राहतात, चौदा आज्या आणि आठ आजोबा. त्यांना अधूनमधून बाहेर फिरवून आणायचं, आणि आत असताना त्यांचा दिवस जरा बरा जाईल असं काहीतरी करायचं, एवढंच ते काम. त्यात आमचं काय चुकलं ते आधी सांगते. इतर गटही आता असं काही करायचं म्हणतायत, त्यांना तरी उपयोग होईल.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला. दोन डझन केळी, बिस्किटांचे पुडे आणि एक हार घेऊन. तिथं पोचलो तर टेबलावर आधीच केळ्यांचा ढीग. सकाळपासून तीन मंडळं येऊन गेली होती. एक आजी हसत म्हणाली, "आज केळ्यांचा पोळा हाय व्हय गं?" आम्ही फोटो काढले, एक गाणं म्हटलं आणि घरी आलो. पुढं दिवाळीपर्यंत तिकडं कुणीच फिरकलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

मग गटाच्या बैठकीत ठरलं की नुसतं खायला द्यायचं नाही, फिरायला न्यायचं. सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, देवाला न्यायचं. म्हातारी माणसं म्हणजे देवदर्शन, हे आपण धरूनच चालतो. एक टेम्पो केला, अकरा जणांना घेतलं आणि टेकडीवरच्या देवळात गेलो. साठ पायऱ्या. चार जणांना चढवलंच नाही. ते टेम्पोत उन्हात बसून राहिले. आणि वाटेत एका आजोबांना लघवीला थांबायचं होतं. दोनदा म्हणाले. आम्ही म्हटलं, "आजोबा, आलंच आता, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं नव्हती. त्यांचं धोतर ओलं झालं. कुणी काही बोललं नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर गावात पंच म्हणून मान घेतला, त्याला आम्ही अकरा माणसांसमोर त्या अवस्थेत बसवलं. ते परत आल्यावर खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या व्यवस्थापक ताईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही त्यांना कुठं जायचंय ते विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.

मग आम्ही महिनाभर कुठंच नेलं नाही. दर मंगळवारी दोघी-तिघी जायचो, शेजारी बसायचो आणि विचारायचो. एकदम सांगत नाही कुणी. "आता काय राह्यलंय आमचं," असंच पहिलं उत्तर येतं. पण बाया आपण, बोलतं कसं करायचं ते आपल्याला येतं. मटार सोलायला घेतले की हात चालतात आणि तोंडही चालतं. एका आजीला आठवडे बाजारला जायचं होतं, आपल्या हातानं बांगड्या भरून घ्यायच्या होत्या. एका आजोबांना बैल बघायचे होते, विकत घ्यायचे नाहीत, नुसते दात बघायचे. एकीला माहेरच्या गावावरून एसटीनं जायचं होतं, उतरायचं नव्हतं, खिडकीतून बघायचं होतं. देवाला जायचंय असं सांगणारे तिघंच निघाले. त्यातल्या एकीचं म्हणणं, देव गावातलाच चालेल, पायऱ्या नकोत.

बाजारला नेलं तेव्हा प्रत्येकीच्या हातात पन्नास रुपये दिले, गटाच्या खात्यातून. आमच्यातल्या एकीचं मत होतं की आपणच घेऊन द्यावं, त्या कुठं हिशेब करणार. बरं झालं ऐकलं नाही. त्या आजीनं बांगडीवाल्याशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली! चेहरा असा खुलला होता की बांगडीवाल्याचं नुकसान झालं तरी चालेल असं मला वाटलं. दुसरीनं मीठ घेतलं. आश्रमात मीठ भरपूर असतं, पण तिला स्वतःचं मीठ स्वतःच्या डब्यात हवं होतं. पैसे हातात असणं, नको म्हणता येणं, महाग आहे म्हणून पुढच्या दुकानात जाता येणं, हे त्यांना किती वर्षांत मिळालं नव्हतं ते त्या दिवशी कळलं.

आत करायच्या कामांचंही तसंच. आम्हाला वाटलं, वाती वळायला देऊ, गटातर्फे विकू, पैसे त्यांनाच देऊ. चौघींना ते आवडलं. हिशेबाची वही एक आजीच लिहिते, तिसरी शिकलेली आहे, अक्षर सुरेख. पण एक आजी फणकाऱ्यानं म्हणाली, "सत्तर वर्सं कामच केलं. आता मला पत्ते शिकवा." तिला पत्ते शिकवले. आता ती बदामसातमध्ये कुणाला जिंकू देत नाही. म्हणून सांगते, काम द्या तसं कामातून सुट्टीही द्या. सगळ्यांना एका ओळीत बसवून टाळ्या वाजवायला लावू नका. तिथं आयुष्यभर शेत आणि घर सांभाळलेली माणसं आहेत, बालवाडी नाही.

आता जरा बारीकसारीक सांगते. ज्यांना न्यायचंय त्यांनी कागदावर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, शौचालय. जायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या दोघी गाडीवरून तोच रस्ता जाऊन येतात. कुठं थांबता येईल, तिथं पाणी आहे का, कमोड आहे का, आत धरायला काही आहे का, सगळं बघतात. तासाभरापेक्षा जास्त सलग प्रवास करत नाही. कुणी मागितलं नाही तरी थांबतो, म्हणजे मागायची लाज राहत नाही. एका पिशवीत जादा लुगडं, धोतर आणि टॉवेल असतो, पण त्याची वाच्यता करत नाही. आणखी एक लक्षात आलं. बाहेर जायचंय म्हटलं की बऱ्याच आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवीच्या भीतीनं. मग दुपारी चक्कर येते. पाणी प्यायला लावायचं असेल तर आधी शौचालयाची खात्री द्यावी लागते. रक्तदाबासाठी लघवी होणारी गोळी काही जणांना सकाळी असते. तिची वेळ त्या दिवशी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. आपल्या मनानं गोळी चुकवायची नाही. साखर असलेल्यांचं जेवण वेळेवर झालंच पाहिजे, कार्यक्रमाचा पाहुणा आला नाही तरी.

एसटीनं गेलात तर खर्च फार येत नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना अर्धं तिकीट, आणि 17 मार्च 2023 पासून आपल्याला सगळ्याच बायकांना अर्धं. मात्र वयाचा पुरावा जवळ हवा. आमच्याकडे घोडं तिथंच अडलं, सात जणांची आधार कार्डं मुलांच्या घरी कपाटात! ती मिळवायला दोन महिने गेले. एसटीची पायरी उंच असते, म्हणून एक बुटकं स्टूल बरोबर न्या. ज्यांना विसरायला होतं त्यांच्या खिशात आश्रमाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि त्यांना "मला ओळखलं का?" असं सारखं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगून मोकळं व्हावं.

सगळ्यात रंगली ती हुरड्याची सहल. आमच्यातल्या एकीच्या रानात गुळभेंडी ज्वारी होती. रान सपाट, गाडी बांधापर्यंत जाते, घर जवळ, शौचालय आहे. गोवऱ्यांची आगटी पेटवली. आमच्या सुना-मुली कणसं भाजायला बसल्या आणि निम्मी करपवली. मग एक आजी पुढं सरकली, "सर बाजूला." राखेत कणीस कसं फिरवायचं, गरम असतानाच तळहातावर कसं चोळायचं, फुंकून भूस कसं उडवायचं, हे तिनं दाखवलं. तिच्या हाताला चटका बसत नव्हता, आम्ही मात्र ओरडत होतो. आजोबा मंडळींनी ताटं हातात घेऊन, यंदा पाणी कुठं कमी पडलं ते रानाच्या मालकिणीला ऐकवलं. ती आधी वैतागली, पण मग तिनं वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी पाहुणे कोण आणि यजमान कोण, कळत नव्हतं. परत येताना त्यांनी आश्रमात राहिलेल्यांसाठी हुरड्याची पिशवी स्वतः भरून घेतली.

एक गोष्ट अवघड आहे, पण सांगते. एका आजीला स्वतःच्या गावाला जायचं होतं, जिथं तिचा मुलगा राहतो. गटात वाद झाला. काहींचं म्हणणं, हा त्यांच्या घरचा मामला, आपण मध्ये पडू नये. मी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "घरी नगं. शेजारणीच्या वट्यावर बसायचंय." व्यवस्थापक ताईंनी मुलाला फोन करून कळवलं. परवानगी मागितली नाही, कळवलं. शहाण्यासुरत्या बाईला गावाला जायला परवानगी कशाला? तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" तरी आम्ही गेलो. दोन तास ती शेजारणीच्या ओट्यावर बसली, चहा प्याली, कुणाची म्हैस व्याली, कोण वारलं, सगळं विचारून घेतलं. स्वतःच्या घराकडं एकदाही बघितलं नाही. परतताना गाडीत रडली. रात्री जेवली नाही. मला वाटलं, आपण हिचं वाईटच केलं. गटातही बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी फोन आला, ताईंच्या फोनवरून आजी बोलत होती. "पुन्हा कवा जायाचं?"

चार वेळा जाऊन आलोय आता. गेल्या खेपेला तिची सून तिथं ओट्यावर आली, पाया पडली, गरम भाकरी देऊन गेली. ती अजून काही बोललेली नाही. तुमच्यापैकी कुणी त्या सुनेला नावं ठेवू नका. तिच्या घरात दोन खोल्या आहेत आणि अंथरुणाला खिळलेली आई आहे. आपल्याला आतलं काय माहीत असतं?

आणि ते धोतरवाले आजोबा. ते त्या दिवसानंतर आमच्याबरोबर कुठंही आलेले नाहीत. मी माफी मागितली, त्यांनी मान हलवली. हुरड्याच्या वेळी त्यांच्यासाठी चार कणसं न भाजता तशीच आणली होती. त्यांनी ती हातात धरून बघितली, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "चार दिस आधी काढाया पायजे हुती." दर मंगळवारी मी त्यांना विचारते, येताय का. ते नको म्हणतात. मी पुढच्या मंगळवारी परत विचारणार आहे. त्या दिवशी आमची गाडी वेळापूरच्या रस्त्यानं जायची आहे, मध्ये दोन ठिकाणी थांबणार आहे, आणि ती दोन्ही ठिकाणं मी स्वतः बघून आले आहे.