खोटे बोलणारा मीटर



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर आणि इतिहासावर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे विजेच्या खांबावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा ज्या वस्तूवर आमचा जीव टांगलेला असे, तिच्याविषयीच बोलणार आहोत. भिंतीवरचा बिलाचा मीटर नव्हे, वायरमनच्या पिशवीतला मल्टिमीटर.

आम्ही उमेदवारीत असताना उमरग्याजवळ एका विहिरीवर मोटरीच्या स्टार्टरचे काम निघाले. जोडीदाराने मीटर लावला. मीटरने शून्य दाखवले. तो आत हात घालणार, तोच म्हातारे फोरमन ओरडले, "अरे पोरा, आधी शेजारच्या चालू स्टार्टरवर लावून बघ!" तिथेही शून्यच! लीडची तार पिनेच्या मानेशी आतून तुटली होती. वरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत. मीटर त्याच वर्षी एका कचेरीने सर्वांत कमी दराच्या निविदेने घेतलेला होता.

साफ बंद पडलेला मीटर सहसा कोणाला मारत नाही; करंट असताना शून्य दाखवणारा मारतो. म्हणून आम्ही टिकाऊपणा वर्षांत मोजत नाही. मीटर किती वर्षे खरे बोलला, ते विचारतो.

इंग्लंडात पोस्टखात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांना अनेक वेगळी यंत्रे वागवण्याचा कंटाळा आला. त्यांच्या कल्पनेतून १९२३ साली अ‍ॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा 'अ‍ॅव्हो' मीटर निघाला. त्याचे आठ क्रमांकाचे मॉडेल १९५१ पासून २००८ पर्यंत बनत होते. चुकीच्या जागी लावला, तर आतली कळ उडून मीटर स्वतःला तोडून घेई; कळ दाबली की पुन्हा कामाला. तो थांबला तो यांत्रिक सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. आपल्याकडे नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर वर्कशॉपांतून फार वापरले गेले.

आता मीटर बिघडतो कुठे? फिरवायच्या स्विचच्या पट्ट्या झिजतात आणि आकडा डळमळू लागतो. हंगाम संपल्यावर सेल आतच राहतात, पाझरतात आणि पट्टी खाऊन टाकतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मीटर मोटारसायकलच्या पेटीत भाजत पडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे निम्मे होते, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे.

सर्वांत मोठी लबाडी फ्यूजमध्ये असते. चांगल्या मीटरात वाळू भरलेला, चिनी मातीच्या नळीचा फ्यूज असतो; स्वस्तात काचेचा. डीपीवरच्या ४१५ व्होल्टांवर चुकून अ‍ॅम्पिअरच्या जागी लीड राहिली, तर काचेचा फ्यूज फुटतो, पण ठिणगीची कमान तुटतेच असे नाही. मग मीटर हातात फुटतो. बाहेर मात्र दोघांवरही '६०० व्होल्ट' असे छापलेले असते. छापायला काय लागते?

याचा अर्थ जुने ते सगळे सोने, असे आमचे म्हणणे नाही. काट्याचा मीटर हातातून पडला की काट्याच्या आसाचे टोक बोथट होते आणि तो अडखळतो. चांगला डिजिटल मीटर तो धक्का सहज सोसतो. प्रश्न काट्याचा नाहीच. मीटर उघडता येतो का, फ्यूज तसाच मिळतो का, लीडा बाजारात मिळतात का, आणि वर्षातून एकदा तो प्रमाण मीटराशी ताडून पाहिला जातो का, हा प्रश्न आहे. ताडून पाहण्याचा खर्च कोणत्याही निविदेत दिसत नाही.

आमच्या संघटनेची मागणी साधी होती : मीटर घेताना दोन जादा लीडजोड आणि मूळ जातीचे चार फ्यूज त्याच खरेदीत घ्यावेत. साहेब म्हणाले, "मीटर घेतलाय, दुकान नाही." लीडजोड आम्ही वर्गणी काढून आणले.

एक चांगला आणि एक स्वस्त, असे दोन मीटर उघडून आणले आहेत. सभा संपल्यावर ज्यांना आतले फ्यूज पाहायचे असतील, त्यांनी या टेबलापाशी यावे.