साधनांचा धडा संपल्यानंतर
(उच्च प्राथमिक शाळांतील इतिहास शिक्षकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



वर्षभरातल्या प्रशिक्षणांचा, नव्या पुस्तकांचा आणि परिपत्रकांचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी रीत आहे. तो आढावा छापील अहवालात आला आहे, सगळ्यांनी तो तिथेच वाचावा. प्रस्तुत वक्त्याला एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे, आणि ती बरीच वर्षे मनात साचलेली आहे.

बालभारतीचे सहावीचे इतिहासाचे पुस्तक उघडले की दुसराच धडा इतिहासाच्या साधनांचा. सातवीत पहिला धडा इतिहासाच्या साधनांचा. आठवीत पुन्हा पहिला धडा तोच. २०१६, २०१७ आणि २०१८ अशा ओळीने आलेल्या या तीन पुस्तकांत ही रचना काही चुकून झालेली नाही. भौतिक, लिखित, मौखिक, आणि आठवीत आधुनिक काळ येतो म्हणून दृक्-श्राव्य साधनांची भर. भूतकाळ कशावरून कळतो ते मुलाला आधी सांगायचे आणि मग भूतकाळाकडे वळायचे, हा तो विचार. तो अगदी योग्य आहे.

वर्गात मात्र हा धडा चार तासांत उरकतो. फळ्यावर तीन रकाने पडतात, मुले ते वहीत उतरवतात. घटक चाचणीत भौतिक साधनांची तीन उदाहरणे विचारली जातात. किल्ले, नाणी, शिलालेख असे लिहून पोरे पैकीच्या पैकी गुण घेतात. त्यानंतर मार्चपर्यंत त्या वर्गात एक नाणे येत नाही, एक पत्र येत नाही, गावातल्या एका शिळेपाशी वर्ग जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच धडा, पुन्हा तेच रकाने. तीन वर्षांत तीनदा साधनांची नावे पाठ करून मूल नववीत जाते, आणि एकाही साधनाला त्याचा हात लागलेला नसतो. हीच या भाषणातली तक्रार. बाकी सगळे तिच्याभोवती आहे.

कालच्या परिसंवादात तीन वाद झाले. कोणत्या राजवटीला किती पाने द्यावीत, हा पहिला. सातवीचे पुस्तक २०१७ साली बदलले तेव्हा मोगलांना किती जागा उरली यावर वर्तमानपत्रांत बरेच लिहून आले होते, कालही त्याची आठवण निघाली. वाद खरा आहे. पुस्तकातून कोण गळतो आणि कोण राहतो, यावर मुलाच्या मनातला देश ठरतो. पण पानांची वाटणी उद्या सर्वांच्या मनासारखी झाली, तरी त्या पानांचे वर्गात काय होणार? गाईडमधून उत्तरेच पाठ होणार असतील, तर मोगल चार पाने आले काय आणि चाळीस आले काय, मुलाला दोन्हींतून सारखेच मिळते. या वादावर तास दोन तास खर्च झाले, आणि वर्गाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, याचे वाईट वाटले.

दुसरा वाद सनावळीचा, तिसरा मुलांच्या वयाचा. सनावळ्या हव्यात की नकोत? आणि बारा वर्षांच्या मुलांपुढे दोन परस्परविरोधी पुरावे ठेवले तर ती गोंधळतील का? अनेक जाणत्या सहकाऱ्यांचे मत पडले की गोंधळतील. या वयाला गोष्ट हवी, चिकित्सा पुढे बघू. या दोन्ही वादांना प्रस्तुत वक्त्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते सातारा जिल्ह्यातल्या एका सातवीच्या वर्गात मिळालेले आहे.

विषय होता शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा. फळ्यावर दोन तिथी लिहिल्या होत्या. एक, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९; बखरींच्या परंपरेतून आलेली आणि दीर्घकाळ मानली गेलेली. दुसरी, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातल्या शकावलीतली. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. पुढे १९२७ साली कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून आले, तेही तंजावरच्या सरस्वती महालातल्या हस्तलिखितावरून, आणि त्यातही फाल्गुनातलीच तिथी निघाली. मुलांना एवढेच सांगितले की शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. आता दोन्ही तिथींचे सन काढा.

पहिली बेरीज लगेच जमली. १५४९ आणि ७८ म्हणजे १६२७. दुसरी आली १६२९, आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. पुस्तकात तर १६३० छापलेले. पुस्तक चुकले का? सर चुकले का? एक मुलगा म्हणाला, शकावलीच चुकली असणार. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होते. ती म्हणाली, सर, शके पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पुढे गेलेले असते, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. वर्गाने दोनदा पडताळून पाहिले. १५५१ आणि ७९, १६३०. त्या दिवशी त्या पोरांना सनावळीचा कंटाळा आला नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी त्यांचे सुरूच होते: मग पौषात काय करायचे, पौष तर दोन्हीकडे लोंबतो.

त्यानंतरचा प्रश्न जास्त अवघड होता. दोन्ही तिथी कागदावर आहेत. खरी कोणती मानायची? एकजण म्हणाला, जी आधी लिहिली ती. दुसरी म्हणाली, ज्याने स्वतः पाहिले त्याची. तिसऱ्याने विचारले, परमानंद महाराजांना भेटला होता का? भेटला होता, महाराजांच्याच काळातला कवी तो, असे सांगितल्यावर त्याने मान डोलावली. वैशाखातली तिथी ज्या परंपरेतून आली तिच्यातली चिटणीसांची बखर महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, हे कळल्यावर बहुतेक वर्ग फाल्गुनाकडे झुकला. दोघे तिघे झुकले नाहीत, आणि त्यांना झुकवण्याचा प्रयत्नही केला नाही. शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली हे मुलांना सर्वांत शेवटी सांगितले, कारण ते आधी सांगितले असते तर विचार तिथेच थांबला असता.

बारा वर्षांची मुले गोंधळत नाहीत. गोंधळ होतो तो त्यांना अर्धेच सांगितल्याने. महाराजांबद्दलचे त्यांचे प्रेमही त्या तासाने कणभर कमी झाले नाही. उलट आपल्या राजाची जन्मतिथी आपणच शोधून काढली असे ती घरी सांगत सुटली. गोष्ट हवी असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की गोष्ट हवीच. चौथीतल्या शिवचरित्राने मराठी घरांच्या पिढ्यांना इतिहासाची गोडी लावली, आणि तिचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण पाचवी ओलांडली की मूल ‘हे कशावरून?’ असे विचारू लागते. घरात विचारते, रस्त्यात विचारते. इतिहासाच्या तासाला तेवढे विचारत नाही, कारण तिथे तो प्रश्न आगाऊपणा ठरतो हे त्याने ओळखलेले असते.

साधने आणायची कुठून, असा सूर काल निघाला. संग्रहालय लांब, सहलीला पैसे नाहीत, मोडी कोणाला वाचता येत नाही. अडचणी खऱ्या आहेत. पण महाराष्ट्रातल्या जुन्या जिल्हा परिषद शाळांत एक साधन कपाटातच पडलेले असते, आणि ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. अनेक गावांत ते शंभर वर्षांच्या पलीकडे जाते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने. दाखला काढण्यापलीकडे त्याला कोणी हात लावत नाही.

एका वर्षी मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्यातली निवडक पाने आठवीच्या वर्गात ठेवली. जातीचा रकाना कागदाने झाकला होता, आणि हे करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो झाकावाच. वर्गात कोणाची मान खाली जाईल असे साधन कितीही मोलाचे असले तरी तसे उघडे ठेवू नये. मुलांनी आपापल्या आडनावाचे लोक शोधले, पणजोबा सापडले तेव्हा आरडाओरडा झाला. शाळा सोडण्याच्या कारणांची त्यांनी यादी केली. ‘गाव सोडले’, ‘शेतीकाम’, ‘गैरहजर’, आणि एका ठिकाणी एकाखाली एक ‘प्लेग’. मुंबई इलाख्यात प्लेग १८९६ साली आला हे पुस्तकातले वाक्य त्यांनी आधी वाचले होते, पण त्यांच्या शाळेतली पोरे त्यात गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली होती हे त्यांना त्या पानाने सांगितले.

आणि मग एका मुलीने तो प्रश्न विचारला. सावित्रीबाईंनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, तर आपल्या शाळेच्या या सगळ्या पानांवर मुली कुठे आहेत? वर्गाने पाने उलटून उलटून पहिली मुलगी शोधली. ती सापडली, पण कितीतरी दशकांनंतर, आणि वर्षभरात तिचे नाव काढून टाकलेले. का, हे रकान्यात लिहिलेले नव्हते. मुलींनी घरी जाऊन आज्यांना विचारले. कोणी सांगितले विहिरीचे पाणी, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळणे, कोणी लग्न. भौतिक, लिखित, मौखिक, तिन्ही रकाने त्या आठवड्यात आपोआप भरले. फळ्यावर काही लिहावे लागले नाही.

हे सारे चालू असताना शाळेला भेट द्यायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी पोर्शन कुठवर आला ते विचारले आणि शेऱ्याच्या वहीत ‘अभ्यासक्रम मागे’ असे लिहिले. पोर्शन मागे होताच. पण त्यांनी मुलांना एकही प्रश्न विचारला नाही, याची खंत अजून जात नाही.

सगळा दोष अधिकाऱ्यांवर किंवा शिक्षकांवर टाकून भागणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता आहे, इतिहास नाही. म्हणून डिसेंबरनंतर इतिहासाचा तास सरावाला जातो, आणि पालकही त्याला मान डोलावतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांचा शिक्षक असावा असे म्हटले आहे. कितीतरी शाळांत तो तास ज्याचे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात पडतो. आणि सगळ्यांत मोठी अडवणूक प्रश्नपत्रिकेची. परीक्षा पाठांतर विचारते तोवर साधन वर्गात आले तरी पाहुण्यासारखे येऊन जाईल. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने ऐंशीच्या दशकात सरकारी उच्च प्राथमिक शाळांत सामाजिक शास्त्राचा कार्यक्रम चालवला आणि मुलांना पुस्तक उघडे ठेवून परीक्षा द्यायला लावली. उत्तर पुस्तकात शोधायचे नसून पुस्तकावरून काढायचे होते. तो कार्यक्रम २००२ साली थांबला. त्यातून आपण काय घ्यायचे, याची चर्चा महाराष्ट्रात व्हायला हवी तशी झाली नाही.

आणि ही चर्चा महाराष्ट्रात झाली नाही याचे दुःख अधिक, कारण आपल्याकडे इतिहासाची साधने शाळेतल्या माणसांनीच उकरून काढली. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवत होते. पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ त्यांनी नोकरी सांभाळून उभा केला. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवत होते आणि त्या शिकवण्याच्या टिपणांतून रियासतीचे खंड वाढले. राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या कागदांचा पहिला खंड काढला तो कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना. खरेशास्त्र्यांच्या वर्गात बसलेल्या एखाद्या पोराला सर रात्री कसले कागद वाचतात हे ठाऊक असेल का? ठाऊक असावे, असे वाटते. आज इतिहासाच्या शिक्षकाच्या टेबलावर गाईड असते आणि संशोधन म्हटले की ते संशोधक मंडळात किंवा विद्यापीठात चालते, असा समज पक्का झाला आहे.

कामे पुष्कळ आहेत, त्यांचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा. प्रत्येक जिल्ह्याने स्वतःच्या साधनांचा एक संच तयार करावा: एखादे मोडी पत्र आणि त्याचे बाळबोध रूप, एखाद्या वीरगळाचे छायाचित्र, शिवराईचा पेन्सिलीने कागदावर घेतलेला ठसा, जनरल रजिस्टरचे नावे झाकलेले एक पान. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराशी बोलणी करावीत. सत्र परीक्षेत निदान एक प्रश्न पुस्तकात नसलेल्या साधनावर असावा आणि त्याचे गुण मुलाच्या कारणमीमांसेला द्यावेत, उत्तर कोणतेही येवो. या मागणीचा ठराव उद्याच्या खुल्या सत्रात येईल. ठरावात दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी त्या आज रात्रीच्या जेवणापर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात. दुपारी तीन वाजता वर्ग क्रमांक चारमध्ये ज्यांनी आपल्या शाळेच्या रजिस्टरची पाने आणली आहेत त्यांनी जमावे. ज्यांनी आणली नाहीत त्यांनीही यावे. तिथे पाने बरीच आहेत आणि वाचणारे डोळे कमी आहेत.