कै. खाशाबा जाधव यांचे स्मरण



सातारा-सांगली परिसराला तालमीचे कौतुक नवे नाही, परंतु कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे स्मरण मी जमाखर्च पाहणारा माणूस म्हणून करीत आहे. कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यास पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आम्हा वाणिज्य पदवीधरांच्या हिशेबात हा व्यवहार बसत नाही! खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी ते कर्ज फेडले.

पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. निवृत्तिवेतनासाठी मात्र झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

तालमीत वा मैदानावर जायबंदी झालेल्या गरीब मुलामुलींची शस्त्रक्रिया अनामत रकमेअभावी थांबू नये, यासाठी स्वतंत्र निधीचा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवीत आहे.