दोन वर्षांच्या कराराचा संसार

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय जिनीव्हा येथे थाटले गेले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनाही तेथेच आली. देशोदेशींचे अधिकारी त्या सरोवराकाठच्या नगरीत बिऱ्हाडे करून राहू लागले. कचेऱ्यांची सोय झाली, घरांची झाली; प्रश्न उरला तो मुलांच्या शिक्षणाचा. आज जिनीव्हात असलेले मूल चार वर्षांनी कोणत्या देशात असेल, हे त्याच्या वडिलांनाही ठाऊक नसे. मग त्याला कोणत्या देशाचा इतिहास शिकवावा? कोणत्या भाषेत गणित सांगावे? या अडचणीतून १९२४ साली जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामा येथेही अशीच एक शाळा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय शाळांचा इतिहास बहुधा या दोन शाळांपासून सांगितला जातो.

त्या इतिहासात विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ सांगितले जाते, शिक्षकाविषयी थोडे. फिरत्या मुलांना स्थैर्य मिळावे म्हणून ही शाळा निघाली खरी. परंतु ते स्थैर्य देणारा शिक्षक स्वतःच हळूहळू फिरता झाला. त्याच्या नोकरीचा आणि संसाराचा हिशेब पाहण्याजोगा आहे. कारण या वाटेने भारतातून, आणि अर्थातच महाराष्ट्रातूनही, अनेक शिक्षक-शिक्षिका जात असतात. आणि जाताना त्यांच्या मनात जो आकडा असतो तो बहुधा एकच असतो, महिन्याच्या पगाराचा.

शिक्षक फिरता कसा झाला, हे आधी पाहिले पाहिजे. जिनीव्हाच्या शाळेत एकत्र शिकणाऱ्या मुलांना अखेरीस निरनिराळ्या परीक्षांना बसावे लागे. कोणी स्विस परीक्षेला, कोणी फ्रेंच, कोणी इंग्लिश, तर कोणी अमेरिकन महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेला. त्यामुळे वरच्या इयत्तांची लहान लहान गटांत फाळणी होई आणि एकत्र शिकण्याचा मूळ हेतूच बाजूला पडे. सर्वांसाठी एक समाईक परीक्षा असावी, ही मागणी शिक्षकांमधूनच पुढे आली. १९६२ साली आंतरराष्ट्रीय शाळांतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद जिनीव्हा येथे भरली, तेथे या विचाराला चालना मिळाली आणि १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था रीतसर स्थापन झाली. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने हा अभ्यासक्रम १९७६ साली प्रथम स्वीकारला. परीक्षा एक झाली, तशी मुलाला शाळा बदलणे सोपे झाले. आणि त्याच न्यायाने शिक्षकालाही. नैरोबीत भौतिकशास्त्र शिकवणारा मनुष्य पुढल्या वर्षी तोच अभ्यासक्रम सिंगापुरात शिकवू शकतो.

आज अशा शाळा जगात हजारोंनी आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य मुले आता वकिलातीतील अधिकाऱ्यांची नसून त्या त्या देशातील सुखवस्तू कुटुंबांची असतात. शाळा वाढल्या तशी शिक्षकांची बाजारपेठ उभी राहिली. तिचा हंगाम ठरलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा सुरू व्हायची असेल, तर नेमणुकांची हालचाल आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत भरतीमेळावे भरतात. पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो; पुढे तो वर्षावर्षाने वाढतो. नाताळच्या सुट्टीपूर्वीच मुख्याध्यापक विचारतात, ‘पुढील वर्षी राहणार की जाणार?’ नवी नोकरी हाती नसते आणि जुनीचा कागद तर लिहून द्यावा लागतो. जो ‘जाणार’ म्हणून लिहितो, त्याची जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. जो ‘राहणार’ म्हणून लिहितो, त्याचे वर्ष बांधले जाते. असा पेच भारतातील अनुदानित शाळेच्या शिक्षकाला सहसा पडत नाही. तेथे नोकरी एकदा कायम झाली की तीस वर्षांचा रस्ता आखलेला असतो. फिरत्या शिक्षकाच्या आयुष्याचे माप मात्र दोन वर्षांचे असते. घरातील सामान, मुलांची शाळा, पत्नीची किंवा पतीची नोकरी, हे सारे त्याच मापाने मोजावे लागते.

करारात पगाराखेरीज चार गोष्टी पाहण्यासारख्या असतात: राहण्याचे घर किंवा त्याचा भत्ता, वर्षाकाठी मायदेशी जाण्यायेण्याचे विमानभाडे, औषधपाण्याचा विमा आणि मुलांची फी. या सवलती एकाच शाळेतील सर्व शिक्षकांना सारख्या मिळतातच असे नाही. परदेशातून बोलावून आणलेला शिक्षक आणि जागच्या जागी नेमलेला शिक्षक, असे दोन वर्ग अनेक शाळांत असतात. पहिल्याला घर आणि भाडे मिळते. दुसऱ्याला काम तेवढेच, पण सवलती तोकड्या. आखाती देशांतील भारतीय शाळांत ज्या शिक्षिका शिकवतात, त्यांपैकी पुष्कळजणी पतीच्या नोकरीमुळे तेथे गेलेल्या आणि मग शाळेत लागलेल्या असतात. शाळेला त्यांच्या घराची वा विमानभाड्याची तजवीज करावी लागत नाही. पतीची नोकरी सुटली की त्यांचीही सुटण्याची वेळ येते, मग वर्गात त्यांचे काम कितीही चोख असो. याशिवाय आणखी एक भेद आहे, तो उघड कोणी बोलत नाही. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आणि ज्यांचा पासपोर्ट विशिष्ट देशांचा, त्यांना काही शाळा अधिक मोल देतात. पंधरा वर्षे उत्तम गणित शिकवलेल्या भारतीय शिक्षकाला हा अनुभव आला, तर तो आपल्या कामाचा दोष आहे असे त्याने समजू नये. पण करार करताना डोळ्यांआड मात्र करू नये.

आता पैशाचा हिशेब. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नाही, म्हणून हाती येणारा पगार भरघोस दिसतो. पण तेथे परदेशी शिक्षकाला निवृत्तिवेतन नाही. नोकरीच्या अखेरीस कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे दरसाल ३० दिवसांचे. ‘मूळ वेतन’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे; घरभाडे व इतर भत्ते त्यात धरत नाहीत. समजा, एका शिक्षकाचा एकूण पगार १४,००० दिरहॅम आहे आणि त्यांपैकी मूळ वेतन ८,००० आहे. दहा वर्षांनी तो निघाला, तर पहिल्या पाच वर्षांचे २८,००० आणि पुढल्या पाचांचे ४०,००० मिळून ६८,००० दिरहॅम त्याच्या हाती येतील. म्हणजे दहा वर्षांच्या सेवेची अखेर पाच महिन्यांच्या एकूण पगाराइतकीही भरत नाही. सिंगापुरात तेथील नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी मध्यवर्ती भविष्यनिर्वाह निधी आहे; परवान्यावर आलेल्या परदेशी शिक्षकाला त्याचा लाभ नाही. तात्पर्य, म्हातारपणची तरतूद त्याने दरमहा स्वतःच करावयाची असते. जो पहिल्या महिन्यापासून ती करतो, त्याला परदेशचा पगार खरोखर लाभतो. जो मोठे घर, मोठी मोटार आणि गावाकडच्या लग्नकार्यांत तो खर्चून टाकतो, तो दहा वर्षांनी निघतो तेव्हा अनुभवाने समृद्ध असला तरी जमेच्या बाजूला फारसे काही नसते.

पैशाहून नाजूक गोष्ट म्हणजे वास्तव्याचा परवाना. तो बहुतेक देशांत नोकरीशी बांधलेला असतो. काही देशांनी अलीकडे ही बेडी सैल केली आहे. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. तरीसुद्धा नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधणे किंवा देश सोडणे, हा नियम सर्वसाधारणपणे कायम आहे. आणि कधी कधी वादळ शाळेबाहेरून येते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेथे भारतीयांची मोठी वस्ती होती आणि भारतीय शाळाही होत्या. पुढील काही आठवड्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. अनेकांची बचत तेथील बँकांत अडकली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत पुढे भरपाई मिळाली, पण तिला वर्षे लागली. २०२० साली साथीमुळे चीनने २८ मार्चपासून परवानाधारक परदेशीयांनाही प्रवेश बंद केला. नववर्षाच्या सुट्टीत बाहेर पडलेले कित्येक शिक्षक परत जाऊ शकले नाहीत. घराला कुलूप तिकडे आणि शिक्षक इकडे, अशा स्थितीत त्यांनी महिनोन् महिने पडद्यावरून वर्ग घेतले. असे प्रसंग रोज येत नाहीत. परंतु सारी बचत नोकरीच्या देशातच ठेवू नये, आणि पदव्यांच्या साक्षांकित प्रती व सेवेचे दाखले स्वतःपाशी जपून ठेवावेत, एवढा धडा त्यांतून घेता येतो.

घरातील मुलांचा विचार यानंतर येतो, आणि अनेकांच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम या १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करीत होत्या. आईबापांची संस्कृती एक, यजमान देशाची दुसरी, आणि या दोहोंमध्ये राहणाऱ्या परक्या कुटुंबांनी मिळून घडवलेली तिसरी, असे त्यांना दिसले. त्या तिसरीत वाढणाऱ्या मुलांना त्यांनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव दिले. आता मुंबई-पुण्याच्या शिक्षकांची मुले दोहा-सिंगापुरात तशीच वाढत आहेत. ती चार भाषांत मैत्री करतात, नकाशात हरवत नाहीत, परक्या माणसाला बिचकत नाहीत. हा त्यांचा मोठा लाभ. पण ‘तुझे गाव कोणते?’ या साध्या प्रश्नापाशी ती अडखळतात. मराठी ती समजतात, पुष्कळदा बोलतात. वाचता मात्र येतेच असे नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाने सणाची ओळख राहते, भाषेची राखण घरालाच करावी लागते.

शिवाय येथे एक अदृश्य गाठ बसते. शिक्षकाच्या मुलाला त्याच शाळेत फी माफ असते किंवा सवलतीची असते. एरवी जी शाळा त्या शिक्षकाच्या पगारात बसली नसती, तेथे त्याचे मूल शिकते. मग शाळा पटेनाशी झाली तरी नोकरी सोडवत नाही. कारण नोकरी सोडणे म्हणजे मुलाची शाळा सोडणे. आणि मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असले, तर दोन वर्षांचा करार पाहता पाहता सहा वर्षांचा होतो. तोवर गावाकडचे आईवडील सत्तरी ओलांडतात. रात्रीच्या दूरध्वनीने दचकणे हा या व्यवसायातील ज्येष्ठ शिक्षकांच्या आयुष्याचा भागच होऊन बसतो.

एवढे सांगितल्यावर, ‘मग जाऊच नये काय?’ असे कोणी विचारील. तसा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वर्गात वीस मुले आणि त्यांच्या बारा मातृभाषा, अशा वर्गापुढे उभा राहणारा शिक्षक आपला विषय नव्याने शिकतो. १८५७चे वर्ष कोणी ‘बंड’ म्हणून वाचलेले असते, कोणी ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणून. दोन्ही मुले समोर बसलेली असताना इतिहास सांगणे हे मोठेच शिक्षण आहे. उलट दिशेने येणाऱ्यांचा अनुभवही हेच सांगतो. पुण्याजवळ मुळशीच्या परिसरात १९९७ साली सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात देशोदेशींचे शिक्षक येतात, आवारातच राहतात आणि काही वर्षांनी पुढे जातात. त्यांचे आईवडीलही कुठेतरी दूर वाट पाहत असतात. हे प्रश्न कोणा एका देशाच्या शिक्षकाचे नाहीत. ते या व्यवसायाबरोबर येतात.

म्हणून सही करण्यापूर्वी शिक्षकाने आणि त्याच्या घराने तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र बसून कागदावर मांडावीत. दरमहा किती रक्कम आपल्या देशात, आपल्या नावावर साठणार? मुलाचे कोणते वर्ष कोठे जाणार? आणि परतल्यावर कोठे उभे राहणार? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अनुदानित शाळेतील सोडलेली जागा आणि गमावलेली ज्येष्ठता पुन्हा मिळत नाही. खासगी शाळा परदेशचा अनुभव मानतात, पण परदेशचा पगार देत नाहीत. आणि पन्नाशीनंतर त्यांचीही दारे अर्धवटच उघडतात. शिवाय ज्या शिक्षकाने गावाशी, जुन्या सहकाऱ्यांशी आणि आपल्या विषयाच्या येथील परीक्षांशी संबंध राखला असेल, त्याला परतणे सोपे जाते. ज्याने तो तुटू दिला, त्याला स्वतःच्या शहरात पुन्हा नवखा म्हणून सुरुवात करावी लागते.

जाण्याचा दिवस शाळा ठरवते, तिकीटही तीच काढते. परतण्याचा दिवस कोणत्याही करारात लिहिलेला नसतो. तो शिक्षकाने स्वतःच, निघण्यापूर्वी, अंदाजाने का होईना, लिहून ठेवावा आणि दर नाताळात, तो राहण्या-जाण्याचा कागद पुढे आला की, त्याच्याशी ताडून पाहावा. बदलावासा वाटला तर अवश्य बदलावा. पण तो आपण बदलला, नकळत बदलला गेला नाही, एवढे समाधान त्याच्यापाशी असावे.