दुसरा कंट्रोलर

(गणेशोत्सवातील चौथ्या दिवशीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी अभ्यासू माणसे बोलतात. ज्ञानेश्वरी, मधुमेह, म्युच्युअल फंड असे विषय आपण ऐकले आहेत. यंदा सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "व्हिडिओ गेम." ते म्हणाले, "म्हणजे दुष्परिणामांवर ना?" मी म्हणालो, "नाही, चांगल्या बाजूवर." फोनवर जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांत आटपा." तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

मी सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनियर. पंचेचाळिशीला आलो आहे. घरी मुलगी नववीत आहे. तरीही आठवड्यातून एखादी संध्याकाळ मी एका मित्राबरोबर टीव्हीसमोर बसून गेम खेळतो. हे ऐकून काहींना हसू येईल, ते येऊ द्या.

सगळ्या गेमविषयी मी बोलणार नाही. माझा विषय एकाच प्रकारापुरता आहे. दोन माणसे, एक टीव्ही, दोघे एकाच बाजूने, आणि जिंकले तर दोघे, हरले तरी दोघे. आपल्याकडे गौरीच्या रात्री बायका फुगडी घालतात. फुगडीत कोण जिंकले, असे कोणी विचारत नाही. एकीने हात सैल सोडला तर दोघीही पडतात. मी ज्या खेळांबद्दल सांगणार आहे त्यांचा नियम साधारण हाच आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे मशीन बाजारात आणले. त्याला दोन कंट्रोलर वायरने कायमचे जोडलेलेच असत. म्हणजे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले होते की हा खेळ माणूस एकटा खेळणार नाही. आपल्याकडे त्याच्या नकला आल्या. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असतील. आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर छापलेले असायचे की यात ९९९९९९९ गेम आहेत. उघडून पाहिले तर पाच-दहाच गेम पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची. फुंकरीच्या ओलाव्याने कॉन्टॅक्ट उलट खराब होतात, हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळले. गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.

नव्वदच्या दशकात आपल्या रेल्वे कॉलनीत शेजारच्या तेलुगू कुटुंबात असे मशीन आले. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याचे वडील लोको शेडमध्ये फिटर होते आणि रंगीत टीव्ही त्यांच्याकडे होता. त्याच्या घरी तेलुगू, आमच्या घरी मराठी आणि दोघांमध्ये हिंदी, अधूनमधून छत्तीसगढी. खेळताना भाषा आणखी कमी लागायची. "रुक", "आ जा", "ऊपर देख", एवढ्या तीन शब्दसमूहांवर आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. दिवे गेले की खेळ संपला, कारण सेव्ह करण्याची सोय नव्हती.

आमचा पहिला आवडता गेम होता बॅटल सिटी, म्हणजे रणगाड्यांचा. नामको कंपनीचा, १९८५ चा. पडद्याच्या तळाशी विटांच्या भिंतीत एक गरुड असतो, तो आपला तळ. एकेका फेरीत शत्रूचे वीस रणगाडे वरून येतात. तुम्ही दोघांनी मिळून गरुड वाचवायचा. यात एक गंमत होती. आपली गोळी साथीदाराला लागली तर तो मरत नाही, पण काही क्षण जागीच थिजतो. आणि आपलीच गोळी गरुडाला लागली तर तिथेच खेळ खलास. म्हणून नुसती नेमबाजी चांगली असून भागत नव्हते. एकाने तळ धरायचा, दुसऱ्याने पुढे जायचे, हे वाटून घ्यावे लागे. पुढे जाण्यात मजा जास्त, म्हणून पाळ्या लावाव्या लागत. पाळ्या कशा लावाव्यात हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते, ते त्या गरुडाने शिकवले.

दुसरा गेम काँट्रा. कोनामी कंपनीने १९८७ साली आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या मशीनवर आणला. एक गोळी लागली की मेलात, आणि जीव फक्त तीन. त्यावर उपाय म्हणजे ते प्रसिद्ध कोड: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीनाचे तीस जीव व्हायचे. हे कोड काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रॅमरने मुळात ग्रेडियस या १९८६ च्या गेमसाठी घातले होते. तो गेम तपासताना त्याला स्वतःलाच फार कठीण जात होता! २०२० साली ते वारले. जपानमधल्या एका माणसाने स्वतःच्या सोयीसाठी घातलेली दहा बटणे बिलासपूरच्या बुधवारी बाजारात पोरांना तोंडपाठ होती. त्या काळी ना इंटरनेट ना मोबाइल. कॉलनीतल्या एकाने दुसऱ्याला सांगितले, एवढेच.

काँट्राच्या तिसऱ्या फेरीत धबधबा आहे. दगडांवरून उड्या मारत वर चढायचे. पडदा वर सरकतो तो पुढे गेलेल्याच्या चालीने. मागचा पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मेला. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही, साथीदाराच्या घाईनेच माणूस मरतो. आमच्या कॉलनीत सर्वात जास्त भांडणे या धबधब्यावर झाली असतील. आणि ज्या जोड्या तो पार करायच्या, त्या एक साधी गोष्ट करायच्या. वरचा प्रत्येक दगडावर थांबून खाली बघायचा.

आता इथे बसलेल्या ऑपरेटिंग आणि सिग्नलच्या मंडळींना एक जुनी गोष्ट आठवेल. नोकरीच्या सुरुवातीला मी एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर नील्स बॉल टोकनची यंत्रे सांभाळली आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी दोन्हीकडे एकमेकांना तारांनी जोडलेली यंत्रे असतात. इकडच्या मास्तरला गाडी सोडायची असेल तर तो तिकडे घंटी देतो. तिकडचा मास्तर खात्री करून आपला खटका दाबून धरतो. त्याने तो दाबून धरला असेल तरच इकडचे हँडल फिरते आणि पोलादी गोळा बाहेर पडतो. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती पडला की गाडी सुटते. एक गोळा बाहेर असताना दोन्ही यंत्रांतून दुसरा निघत नाही. इकडचा मास्तर कितीही हुशार असो, कितीही सीनियर असो, एकट्याच्या बळावर त्याला गोळा काढता येत नाही. ते यंत्र पहिल्यांदा उघडून पाहिले तेव्हा मला काँट्राचा धबधबाच आठवला. दोघांची संमती मिळाल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, हे तिथे लोखंडात बसवले आहे.

नंतर काळ बदलला. नवीन मशिने आली, चित्रे सिनेमासारखी झाली, पण प्लेस्टेशनच्या खोक्यात कंट्रोलर एकच येऊ लागला. दुसरा हवा तर वेगळे पैसे. मग मोबाइल आला आणि खेळ खिशात गेला, म्हणजे पूर्ण एकट्याचा झाला. आपली मुले गेम खेळतात ही तक्रार मी रोज ऐकतो. माझी तक्रार वेगळी आहे. ती एकटी खेळतात, दार लावून खेळतात.

अर्थात दोघांच्या खेळाची परंपरा तुटलेली नाही. ब्रिटनमध्ये दोघा जणांच्या छोट्या कंपनीने २०१६ साली ओव्हरकुक्ड नावाचा गेम काढला. त्यात स्वयंपाकघर चालवायचे असते. कांद्याच्या सूपला तीन कांदे चिरून टाकायचे, ताटल्या धुवायच्या, ऑर्डर द्यायच्या, आणि पातेले विसरले की आग लागते. आमच्या घरी "मला यातलं काही कळत नाही" म्हणणाऱ्या सौभाग्यवतींनी दहा मिनिटांत सूत्रे हाती घेतली आणि मला ताटल्या धुण्यावर बसवले. मुलीला त्या दिवशी जेवढे हसताना पाहिले तेवढे बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

दुसरा गेम इट टेक्स टू. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओने तो २०२१ मध्ये काढला. दिग्दर्शक जोसेफ फारेस आधी सिनेमे करत असत. हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेले एक जोडपे बाहुल्या होऊन बसते आणि मिळून वाट काढते, अशी गोष्ट आहे. एका टप्प्यावर एकाकडे खिळे असतात, दुसरीकडे हातोडा. एकाने खिळा मारायचा, दुसरीने त्याला लटकून पलीकडे जायचे. नुसता हातोडा किंवा नुसते खिळे काय कामाचे? त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. शिवाय एकाने विकत घेतला की दूर राहणारा मित्र फुकट सामील होऊ शकतो, अशी सोय त्यांनी ठेवली आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्या आपल्यासारख्यांना ही सोय काय आहे ते लगेच कळेल.

आता जे सांगतो ते मित्राला विचारून सांगतो आहे. तो आज इथे नाही, मालगाडीवर आहे. हो, तोच शेजारचा तेलुगू मुलगा. आज तो लोको पायलट आहे. २०२२ साली त्याचे वडील गेले. दिवसकार्य झाले, तो ड्युटीवर रुजू झाला, पण घरी बोलणे जवळजवळ बंद. आठवडे गेले. वहिनींचा फोन आला, "भैया, ये किसी से बात ही नहीं करते." मी भेटायला गेलो. चहा झाला. मी विचारले, "कैसा है?" तो म्हणाला, "ठीक है." यापुढे गाडी जाईना. आपण पुरुष मंडळी समोरासमोर बसलो की नोकरी, डीए आणि क्रिकेट यांपलीकडे बोलू शकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पुढच्या खेपेला मी मशीन पिशवीत घालून नेले, दोन्ही कंट्रोलरसकट. त्याच्या रेस्टच्या दिवशी आम्ही इट टेक्स टू लावला. पहिल्या दिवशी शब्द तेच, लहानपणीचे. "रुक", "आ जा", "ऊपर देख". तिसऱ्या बैठकीत मध्येच त्याने खेळ थांबवला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्याकडे बघतच म्हणाला, "नान्ना को इस सब का शोर बिल्कुल पसंद नहीं था. फिर भी उन्होंने टीवी कभी बंद नहीं किया. बातम्यांची वेळ झाली की उभे राहायचे आणि आमची फेरी संपेपर्यंत तसेच उभे राहायचे." मग तासभर तो बोलत होता, शेवटच्या दिवसांविषयी, दवाखान्याविषयी, ऐन वेळी आपण लाइनवर होतो याविषयी. मी फारसे काही बोललो नाही. पडद्यावर दोन बाहुल्या थांबून राहिल्या होत्या.

मी नंतर विचार केला, हे चहाच्या वेळी का नाही झाले? मला वाटते, दोन माणसे शेजारी बसून समोर बघत असली की बोलणे सोपे जाते. इंजिनमध्येही तसेच असते. लोको पायलट आणि असिस्टंट दोघेही पुढे बघत असतात, प्रत्येक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात, आणि मधल्या अंतरात आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी बोलून होतात. हे मला रनिंगवाल्यांनीच सांगितले आहे. हाताला काम आणि डोळ्यांना पडदा असला की माणसाला आपला चेहरा लपवावा लागत नाही.

आता दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविषयी माझे काही म्हणणे नाही. त्यांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, ते योग्यच झाले. गेमला वेळेचे बंधन हवेच. माझ्या मित्राचा नियम आहे, साइन ऑनच्या आधीची विश्रांती ही विश्रांतीच, त्या वेळेत गेम नाही. मुलांनाही असाच नियम लावा, आणि तो आपणही पाळा.

पण मुलासाठी मशीन घेणार असाल तर बजेट थोडे वाढवून दुसरा कंट्रोलरही घ्या. मशीन बैठकीच्या खोलीत ठेवा, आतल्या खोलीत नको. आणि दुसरा कंट्रोलर कधीतरी तुम्ही हातात घ्या. तुम्ही हराल, मुलगा तुम्हाला हसेल, मग "बाबा, थांबा, मी येतोय" असे म्हणेल. हे वाक्य ऐकायला कंट्रोलरची किंमत जास्त नाही.

समितीला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी रांगोळी, पाककृती, अंताक्षरी यांच्या जोडीला जोड्यांची गेम स्पर्धा ठेवावी. एक आई किंवा वडील आणि एक मूल, अशी जोडी. रेल्वेतले आपले तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी शेजारीही त्यात आले तर उत्तमच. मशीन मी आणीन, वायरिंग मी करीन, त्यासाठी सिग्नल खात्याची परवानगी लागत नाही.

वीस मिनिटे झाली. सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवत आहेत, आणि आरतीचीही वेळ झाली आहे. 

गणपती बाप्पा मोरया!