चिनी फुटबॉलचा कर्णधार : झेंग झी

७ जून २००६. विश्वचषक तोंडावर आलेला आणि सेंट-एतियेन इथं फ्रान्स विरुद्ध चीन असा सराव सामना रंगलेला. सुरुवातीलाच चीनचा कर्णधार झेंग झी चेंडूसाठी फ्रान्सच्या जिब्रील सिसेला भिडला. सिसे कोसळला. पाय मोडला आणि त्याचा विश्वचषक तिथंच संपला. युरोपात झेंगचं नाव पहिल्यांदा गाजलं ते हे असं!

शेनयांग इथं १९८० साली जन्मलेला हा मिडफिल्डर मायदेशात मात्र तोवर नामवंत झाला होता. २००४ मध्ये शेनझेन संघातून त्यानं चायनीज सुपर लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. २००७ मध्ये तो इंग्लंडच्या चार्लटनकडे गेला. पण त्याच हंगामात संघाची प्रीमियर लीगमधून घसरण झाली. पुढं स्कॉटलंडच्या सेल्टिककडेही त्याचा फारसा जम बसला नाही.

खरी कमाई परतल्यावर. २०१० मध्ये तो ग्वांगझूकडे आला, तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. मालक बदलले, पैसा ओतला गेला, इटलीचे मार्चेल्लो लिप्पी प्रशिक्षक झाले. पैशानं गोल करणारे परदेशी खेळाडू मिळाले. मधली फळी सांभाळली ती झेंगनं. २०१३ मध्ये ग्वांगझू आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकला आणि झेंग आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. २०१५ मध्ये पुन्हा तोच करंडक.

आणि २०१९ च्या आशिया चषकातही, वयाच्या ३८ व्या वर्षी, चीनचा कर्णधार झेंगच होता.