संगणक अडला तर काय करावे?



आज आपण संगणकाविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. तुमच्यापैकी कोणी म्हणतील, "गुरुजी, आम्ही आत्ता कुठे वाचायला शिकलो. आम्हाला कशाला हवा संगणक?" प्रश्न रास्त आहे. पण जरा विचार करा. सकाळी डेअरीत दूध घातले की त्याचे माप आणि फॅट संगणकावर चढते. पीकविम्याचा अर्ज संगणकावर भरतात. सातबाराचा उतारा संगणकातून निघतो. बचत गटाचा हिशेबही पुष्कळ ठिकाणी संगणकावर गेला आहे. यंत्र दुसऱ्याच्या हातात असले, तरी त्यातली नोंद आपली असते. पैसाही आपलाच असतो. मग ते यंत्र मध्येच अडले तर काय होते, हे आपल्याला कळायला नको का?

यंत्र अडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आज आपण त्यातला एकच प्रकार घेऊ. संगणकावर एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवता येतात. एका चौकटीत दुधाची नोंद, दुसरीत हिशेबाचा तक्ता, तिसरीत इंटरनेटवरचे बँकेचे पान. प्रत्येक काम करणारा प्रोग्राम वेगळा. माणूस एका चौकटीतून दुसरीत जातो, पुन्हा पहिलीत येतो. आणि अशी ये-जा करतानाच यंत्र एकाएकी थिजते. माऊस हलत नाही. बटण दाबले तर काही उमटत नाही. लोक म्हणतात, "कॉम्प्युटर हँग झाला."

असे का होते? घरातलेच उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. हाताशी लागणारी भांडी ओट्यावर असतात. बाकीचे सामान माळ्यावर असते. संगणकातही असेच आहे. त्याच्या ओट्याला मेमरी म्हणतात. त्याच्या माळ्याला डिस्क म्हणतात. जे काम चालू आहे, त्याचे सामान ओट्यावर लागते.

आता ओटा लहान आहे आणि त्यावर परात, पातेली, तवा, डबे सगळे मांडले आहे. भाकरी थापायची तर जागा नाही. मग काय करावे? भाजीचे पातेले माळ्यावर ठेवायचे आणि परात खाली घ्यायची. पुन्हा भाजी ढवळायची वेळ आली की परात वर आणि पातेले खाली. बाईचा सगळा वेळ शिडी चढण्या-उतरण्यात जातो. भाकरी राहते तशीच. संगणक अडतो तेव्हा पुष्कळदा हेच चाललेले असते. तो झोपलेला नसतो. उलट तो फार दमलेला असतो!

माळ्याचा असा उपयोग करण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडातील मँचेस्टरच्या विद्यापीठात १९६२ साली ॲटलास नावाचा मोठा संगणक सुरू झाला. सामान वर-खाली करण्याचे काम तो आपले आपण करी. पुढे १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन विद्वानाने या युक्तीची दुसरी बाजू दाखवली. ओट्यावर मावेल त्याहून फार जास्त काम घेतले, तर यंत्र नुसती ने-आण करत बसते आणि खरे काम जवळजवळ थांबते. साठ वर्षे होत आली, पण हा नियम आजही तसाच लागू आहे.

दुसरे कारण ऐका. कधी कधी सगळे यंत्र अडत नाही. एकच प्रोग्राम अडतो. तो छापण्याच्या यंत्राची वाट पाहत असतो, नाहीतर इंटरनेटची. तोवर तो कोणाला ओ देत नाही. विंडोजचा संगणक असेल, तर तो सुमारे पाच सेकंद वाट पाहतो. मग ती चौकट पांढुरकी होते आणि तिच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे शब्द येतात. त्याचा अर्थ 'उत्तर देत नाही' एवढाच. प्रोग्राम मेला, असा त्याचा अर्थ नव्हे. फार पूर्वीच्या विंडोजमध्ये एक प्रोग्राम हटून बसला तर सगळेच ठप्प होई. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ पासून ही रीत बदलू लागली. आता एक अडला तरी बाकीचे बहुधा चालू राहतात.

तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. प्रोग्रामने आपल्याला काही प्रश्न विचारलेला असतो. "नोंद जतन करू का?" असा काही. पण आपण चौकट बदलली आणि ती प्रश्नाची लहान चौकट मोठ्या चौकटीमागे दडली. प्रोग्राम उत्तराची वाट पाहतो. आपण प्रोग्रामची वाट पाहतो. दोघेही बसलेत आपले!

आता उपाय पाहू. ते क्रमाने करायचे असतात. शेवटचा उपाय आधी करायचा नाही, हे ध्यानात धरा.

पहिला उपाय, थांबा. दोन-तीन मिनिटे हात आवरून बसा. पुष्कळ जण अशा वेळी तेच बटण दहा वेळा दाबतात. हे चांगले नाही. दाबलेली बटणे यंत्र पुष्कळदा रांगेत लावून ठेवते आणि शुद्धीवर आले की एकामागून एक बजावते. मग एका पावतीच्या पाच पावत्या निघतात. एकाच दुधाची नोंद दोनदा चढते. पुढे पगाराच्या दिवशी त्यावरून भांडण होते. बटण दाबणाऱ्याच्या मनात पाप नसते, पण नाव मात्र खराब होते.

दुसरा उपाय, यंत्र जागे आहे का ते पाहा. कळफलकावर कॅप्स लॉक नावाची कळ असते. पुष्कळ कळफलकांवर तिचा लहान दिवा असतो. कळ दाबल्यावर दिवा लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर यंत्र आतून जागे आहे. मग अजून थोडा धीर धरा.

तिसरा उपाय, दडलेला प्रश्न शोधा. ऑल्ट कळ दाबून धरावी आणि टॅब कळ दाबावी. उघड्या चौकटी पडद्यावर ओळीने दिसतात. त्यात एखादी लहान चौकट उत्तराची वाट पाहत असेल, तर तिला उत्तर द्यावे.

चौथा उपाय, अडलेला प्रोग्राम तेवढा बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. हा यंत्राचा मुकादमच समजा. कोण किती मेमरी खातो आणि डिस्कवर कोणाचा किती भार आहे, ते त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, तेव्हा हे पानही तुम्हाला वाचता येईल. मेमरीच्या माथ्यावर नव्वदच्या वर टक्के दिसले, तर ओटा भरला असे समजा. अडलेल्या प्रोग्रामचे नाव निवडून 'एंड टास्क' दाबले की तो बंद होतो. मात्र त्यातले जतन न केलेले काम जाते. म्हणून हे पाऊल घाईने टाकू नका.

कधी कधी चौकट बदलताना पडदाच काळा होतो. तेव्हा विंडोजचे चिन्ह असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. त्याने पडद्याचे चित्र काढणारा भाग नव्याने सुरू होतो. उघडे काम बंद पडत नाही.

पाचवा आणि शेवटचा उपाय म्हणजे चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरणे. यंत्र पुरते बंद होते. पण जतन न केलेले सगळे जाते, आणि त्याच वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर लिहिलेलेही बिघडू शकते. वायर उपटणे तर त्याहून वाईट. बैल बसला म्हणून कोणी गाडीला आग लावत नाही.

आता एका गावची हकिकत सांगतो. तिथल्या दूध संस्थेत नोंदीला एक मुलगी बसे. रोज सकाळी रांग ऐन भरात आली की यंत्र अडे. दुधाच्या नोंदीवरून बँकेच्या पानावर जाताना अडे, परत येतानाही अडे. लोक किटल्या घेऊन ताटकळत. कोणी म्हणे, "पोरीला येत न्हाई काम." पंच म्हणाले, "यंत्र जुनं झालंय, नवं घेऊ." पैसे सभासदांच्याच दुधातून कापले जाणार होते.

त्या मुलीने वाद घातला नाही. तिने एक वही केली. पानावर चार रकाने आखले. तारीख आणि वेळ, कोणत्या कामातून कोणत्या कामात जात होते, पडद्यावर काय दिसले, किती वेळाने सुरू झाले. यंत्र अडले की ती एक ओळ लिही. आठ दिवसांनी तिने वही पंचांपुढे ठेवली. वाचून पाहिले तर अडणे सगळे सकाळचे. संध्याकाळी एकदाही नाही! यंत्र तेच, मुलगी तीच, दूधही तेवढेच. मग सकाळी वेगळे काय? सकाळी त्याच यंत्रावर भक्तिगीते लावण्याची रीत होती. ती इंटरनेटच्या पानातून लागत. शिवाय आदल्या दिवशीची वीस-बावीस पाने तशीच उघडी असत. दुपारी सचिव ती मिटत, म्हणून संध्याकाळी ओटा मोकळा मिळे.

मग गाणी रेडिओवर लागली. नको ती पाने मिटली. यंत्राचे अडणे पुष्कळ कमी झाले. त्याची मेमरी होती ४ जीबी. विंडोज ११ ला कमीत कमी एवढी लागते, असे ते बनवणारेच सांगतात. पण कमीत कमी म्हणजे निभावण्यापुरती. संस्थेने ती ८ जीबी करून घेतली आणि काम भागले. नव्या यंत्राचा खर्च वाचला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलीवरचा बोल गेला. हे काम कोणा इंजिनिअरने केले नाही. चार रकान्यांच्या वहीने केले.

म्हणून आम्ही सांगतो, ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने तीन सवयी लावून घ्याव्यात. एक, चौकट बदलण्यापूर्वी कंट्रोल आणि एस या कळा दाबून काम जतन करावे. सगळ्याच प्रोग्रामांत ही सोय नसते. तिथे जतन करण्याचे बटण दाबावे. दोन, काम संपले की चौकट मिटावी, आणि डिस्कवरही थोडी जागा मोकळी ठेवावी. माळाच भरला, तर ओट्यावरचे सामान ठेवायचे कुठे? तीन, वही ठेवावी.

आणि ज्याच्या हाती यंत्र नाही, त्यानेही मुके राहू नये. "यंत्र बंद आहे, उद्या या," असे ऐकून तसेच माघारी फिरू नका. नम्रपणे विचारा, "ताई, पडद्यावर काय लिहून आलंय? माझी नोंद जतन झाली का? पावती मिळेल का?" पावती मिळाली की तिथेच उभे राहून वाचा. नाव, तारीख, आकडा बरोबर आहे का ते पाहा. नोंद दोनदा चढली असेल किंवा मुळीच चढली नसेल, तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणे सोपे असते. महिन्याने ते अवघड होते.

पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. तेव्हा लिहिणारा जे सांगेल ते खरे मानावे लागे. आता तुम्हाला अक्षर ओळख झाली आहे. यंत्र कितीही हुशार असो, ते जे सांगते ते पडद्यावर अक्षरांतच सांगते. ते वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. एखादा शब्द इंग्रजी असला, तर तो घरच्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने डेअरीची किंवा रेशनची एक पावती आणावी. ती आपण सगळे मिळून वाचू. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. नमस्कार.